टिलिंगच्या चौथ्या घरातली फट

१

आमच्या ऑफिसात देवाचा फोटो नाही. एक नियम आहे, त्याचीच पूजा चालते: काम पाठवताना वॉर्निंग शून्य.

आम्ही अमेरिकेतल्या जुन्या घरांची ड्रॉइंग्ज काढतो. बसतो मात्र नोएडात, न उघडणाऱ्या काचांच्या एका इमारतीत. तिकडची माणसं घरात तिपाईवर लेझर स्कॅनर ठेवतात. तो स्वतःभोवती फिरतो आणि समोर दिसेल त्या प्रत्येक जागेचा एक ठिपका नोंदवतो. असे कोट्यवधी ठिपके आमच्याकडे येतात. भिंत ठिपक्यांची, जिना ठिपक्यांचा, खुर्चीवर कोणी विसरलेला कोटही ठिपक्यांचा. त्यावरून आम्ही कॉम्प्युटरवर घर पुन्हा उभं करतो. एखादी भिंत दुसरीला टेकली नाही की वर पिवळी पट्टी येते, 'खोली बंदिस्त नाही'. पट्टी आली की पाठोपाठ हरीश सर येतात.

"अश्लेषा, इट्स सिंपल यार. चारी बाजूंनी बंद ती खोली. नाहीतर तो व्हरांडा."

"पण सर, मुळात तिथे भिंत अर्धवट असेल तर?"

"बेटा, तुझा थिसिस झाला. आता नोकरी कर."

हरीश सर मूळचे पुण्याचे, पण दिल्लीत इतकी वर्षं काढली आहेत की 'बेटा' म्हटल्यावर समोरच्याच्या कपाळाची शीर उडते हे त्यांच्या लक्षात येत नाही. मला आर्किटेक्ट होऊन वर्षही झालं नव्हतं आणि नोकरी अजून पक्की व्हायची होती. मी ओठ दाबून काम करत होते.

दिवाळीच्या सुमाराला मला टिलिंगचं घर मिळालं. एबनर टिलिंग हा तिकडच्या अगदी पहिल्या पिढीतला आर्किटेक्ट. अठरावं शतक संपत आलं होतं, देश नवा होता आणि हा सुताराचा मुलगा एका किनाऱ्यावरच्या गावात श्रीमंतांची घरं बांधत होता. ती घरं सांभाळणाऱ्या ट्रस्टच्या डोरोथीबाई व्हिडिओ कॉलवर आल्या. पांढरे केस, मोठा चष्मा, मागे फुलाफुलांचा वॉलपेपर.

"त्याची कारकीर्द फार छोटी," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं. पाच घरं. नंतर काहीच नाही."

"म्हणजे तो वारला?"

"म्हणजे काहीच नाही," त्या पुन्हा म्हणाल्या आणि हसल्या.

सहा वर्षं! मी मनात म्हटलं, एवढ्या वेळात आमच्याकडे डिग्री मिळते आणि पहिला नकार पचतो. माझ्या वाट्याला आलं होतं त्याचं चौथं घर.

२

मी दिल्लीतल्या द्वारकेला मामाकडे राहते. शांताराममामा सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झाला, आयुष्यभर त्याने सरकारी क्वार्टर्स बांधली. मामी तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून तो, त्याचा दमा आणि त्याचा रेडिओ असे तिघे त्या फ्लॅटमध्ये राहत होते. त्यात मी आले.

द्वारकेतल्या बहुतेक सोसायट्यांसारखीच मामाची बाल्कनीही काचबंद आहे. अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि सरकत्या काचा. तिथेच माझं टेबल आहे. फक्त शेवटची काच मामा पूर्ण सरकवू देत नाही. वीतभर फट कायम उघडी.

बाकीच्या वर्षभर त्याचं काही वाटत नाही. पण नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या हवेच्या प्रदूषणाचा आकडा साडेचारशेच्या वर जातो. समोरची बिल्डिंग दिसेनाशी होते आणि दुपारी दिवे लावावे लागतात. जिभेवर सतत नाणं ठेवल्यासारखी चव येते. आणि दम्याचा माणूस त्या फटीजवळ आरामखुर्ची टाकून बसतो!

"मामा, तू सायन्स शिकलायस ना? ती बंद कर."

"राहू दे गं. घर पुरं करू नये. काहीतरी एक राहू द्यावं."

"का?"

"आमचे जुने मिस्त्री म्हणायचे."

"आणि तू ऐकायचास? इंजिनिअर होतास तू!"

"ऐकायचो. काम अपुरं राहिलं की कंत्राटदार परत यायचा, नाहीतर गायब." तो खो खो हसला, मग खोकला, मग बराच वेळ नुसता खोकलाच. पंप ओढून झाल्यावर म्हणाला, "शिवाय जाणाऱ्याला वाट लागते, मॅडम."

मोठ्या माणसांची हीच गंमत. खरं कारण नसलं की विनोद, विनोद संपला की सुविचार.

त्याच आठवड्यात प्रदूषणामुळे सरकारने ऑफिसांना अर्धी माणसं घरी बसवायला सांगितली. माझी मेट्रोच्या ब्लू लाइनची वारी थांबली. कामवाली छठपूजेच्या सणासाठी बिहारला गेली होती. घरात रोज राखाडी धुळीचा थर बसायचा. बारीक, पिठासारखा. मामाला धूळ चालत नाही आणि मला झाडू चालत नाही. एक दिवसाआड मी काढायचे, आणि तेही चिडचिड करत.

३

वरच्या मजल्यावर उत्तरेकडची एक खोली होती. तिथे पिवळी पट्टी जाईना.

खोली साधी. दोन खिडक्या, एक दार, मधोमध धुराड्याचा विटांचा खांब. उत्तरेची भिंत त्या खांबाकडे येत येत थांबली होती. मध्ये फट. मी तिरकी झाले असते तर खांदा जेमतेम आत गेला असता. फटीच्या कडा तुटलेल्या नव्हत्या, नीट गिलावा करून गोल केल्या होत्या. कोणीतरी ती मुद्दाम ठेवली होती आणि वर सजवलीही होती. फटीमागे खांब आणि बाहेरची भिंत यांच्यात कपाटाएवढी पोकळी होती.

त्या पोकळीत जमिनीवर एक काळं वर्तुळ होतं.

अशी वर्तुळं मी रोज बघते. स्कॅनरला आपल्या पायाखालचं दिसत नाही. म्हणून तिपाई जिथे उभी होती तिथे जमिनीवर ठिपके येत नाहीत, परातीएवढा गोल रिकामा राहतो. त्या गोलाचा अर्थ एकच: इथे उभं राहून कोणीतरी पाहिलं.

पण या पोकळीत तिपाईचे पाय उघडणार कसे? आणि ती आत नेणार कोण?

स्कॅनर ज्या जागी उभा होता तिथून खोली कशी दिसते, हे सॉफ्टवेअरमध्ये बघता येतं. मी त्या गोलावर क्लिक केलं. स्क्रीनवर खोली आली. फटीतून दिसणारा उजेडाचा उभा पट्टा, त्यात दार. उंची जरा कमी होती, तिपाईपेक्षा खाली. आणि सगळं किंचित कललेलं होतं. दाराची चौकट कललेली, खिडकी कललेली.

मला समजायला थोडा वेळ लागला. कोपऱ्यातून डोकावताना माणूस मान तिरकी करतो, तेव्हा जग असं दिसतं. यंत्र तसं बघत नाही. त्याच्या पोटात पातळी मोजणारं मापक असतं. ते नेहमी सरळ बघतं.

मी डोरोथीबाईंना विचारलं, "उत्तरेच्या खोलीत फटीमागे स्कॅन घेतला होता का?"

"तिथे?" त्या हसल्या. "अगं, तिथे आमचा झाडूही जात नाही."

"मग ही फट कसली?"

"त्याच्या आधीच्या तीन घरांतही आहे. कधी जिन्याखाली, कधी माळ्यावर. आमचे वडीलधारे म्हणायचे उंदीर, कोणी म्हणायचं वाईट सुतारकाम. यंदा या घराची दुरुस्ती आहे. तुमच्या ड्रॉइंगप्रमाणे करू."

हरीश सरांना स्क्रीन दाखवली. सर घरूनच बोलत होते, मागे कुकरच्या शिट्ट्या.

"गोल म्हणजे नॉइज. डिलीट कर. भिंत पुढे ओढ, खांबाला टेकव. खतम."

"सर, ती मुद्दाम ठेवलेली वाटते."

"दोनशे वर्षांपूर्वीचा माणूस मुद्दाम ठेवेल नाहीतर चुकून, वॉर्निंग माझ्या नावावर येते. शुक्रवारी डिलिव्हरी आहे, बेटा."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बाल्कनीत आले. जमिनीवर दोन दिवसांची धूळ होती. उघड्या फटीच्या अगदी जवळ धुळीत एक गोल होता. आत धूळ नव्हती. फरशी धुतल्यासारखी स्वच्छ, कडा कंपासने काढल्यासारखी.

"मामा, इथे कुंडी ठेवली होतीस का?"

"कुंड्या मामीबरोबर गेल्या."

"बादली?"

"मी कशाला बादली उचलू? मला उचलायला चौघं लागतील असं तूच म्हणतेस."

मी उकिडवी बसून बघितलं. फटीतून वारा आत येतो, गोल गोल फिरतो, धूळ उडवतो. शाळेतल्या पुस्तकातली गोष्ट. मात्र वारा आला असता तर गोलाभोवतीची धूळही हलली असती. ती तशीच होती. जिथल्या तिथे.

मामा दारात येऊन उभा राहिला होता. पायजमा, स्वेटर, कानटोपी.

"तुझ्या मामीच्या वेळी दिव्याखाली पीठ पसरलं होतं, आठवतं?"

आठवतं म्हणजे काय! माणूस गेल्यावर त्या जागी दिवा ठेवतात, खाली पीठ पसरतात आणि पिठात काय उमटतं ते बघून गेलेला कुठल्या जन्माला गेला ते ठरवतात. पुण्याहून आलेल्या मामाच्या दोन आत्या त्या पिठावर वाकून भांडत होत्या. एक म्हणे गायीचं खूर, दुसरी म्हणे पाखराचा पाय. मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, झुरळ आहे. घरात आठवडाभर माझ्याशी कोणी बोललं नव्हतं.

"हो, आणि तेव्हाही मीच बरोबर होते," मी म्हटलं आणि ओल्या फडक्याने गोल पुसून टाकला. पुसायला काही नव्हतंच म्हणा. भोवतालची धूळ पुसली.

मामा फटीकडे बघत होता. "आहे ती वाट राहू दे म्हणजे झालं," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी गोल पुन्हा तिथेच. चौथ्या दिवशीही. काचेच्या फटीशी, बाहेर जायच्या बेताने उभा राहावा असा. बाल्कनी ओलांडून घरात मात्र एकदाही आला नाही. मला त्याची सवय होऊ लागली होती. मी त्याला वळसा घालून टेबलाशी जायचे. मग माझ्याच लक्षात आलं की मी वळसा घालते आहे, आणि मला स्वतःचाच राग आला.

५

शुक्रवारी दुपारी मामाला अटॅक आला.

दिवसभर बाहेर पिवळट अंधार होता. मी उत्तरेच्या खोलीवर काम करत होते आणि मामा शेजारी आरामखुर्चीत रेडिओ ऐकत होता. अचानक नुसता रेडिओच ऐकू येऊ लागला, मामाचं खोकणं नाही. वळून पाहिलं तर त्याचे ओठ निळे होते आणि गळ्याची खळगी आतबाहेर होत होती. पंपाने काही झालं नाही. हॉस्पिटलात नेलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टर माझ्याच वयाची होती, मामापेक्षा मलाच बोलली.

"घर में खिडकी खुली रखते हैं? इस हवा में? अगली बार मैं गारंटी नहीं देती."

अगली बार. गाडीत मी पुन्हा पुन्हा तेच ऐकत होते. मामा माझ्या खांद्याला टेकून बसला होता. त्याचं वजन किती कमी झालंय, हे मला तेव्हा कळलं.

घरी आल्यावर त्याला निजवलं आणि मी बाल्कनीत गेले. शेवटची काच सरकवली. ती जाम होती, मी पायाने ढकलली. कडेने फोमची पट्टी लावली, त्यावर चिकटपट्टी, मग आणखी एक थर. एअर प्युरिफायर मामाच्या दाराशी ठेवला. आत्तापर्यंत हे करू दिलं नव्हतं त्याने, आणि त्याने करू दिलं नाही म्हणून मी गप्प बसले होते! वडीलधाऱ्यांचा मान राखता राखता वडीलधारेच हातचे जातात.

मग टेबलाशी बसले. डिलिव्हरीची वेळ टळून चालली होती. पिवळी पट्टी तशीच होती. मला त्या क्षणी जगातल्या प्रत्येक अर्धवट गोष्टीचा संताप आला होता. काळा गोल निवडला, डिलीट केला. भिंतीचं टोक धरलं आणि ओढत नेऊन खांबाला टेकवलं.

पट्टी गेली. स्क्रीनवरची खोली निळ्या रंगाने भरली. वॉर्निंग शून्य. मी फाइल पाठवून दिली.

"सुपर्ब," हरीश सरांचा मेसेज आला. "सोमवारी तुझ्या कन्फर्मेशनचं बोलू."

हवेचं यंत्र घरातला आकडा दाखवत होतं. तो झरझर खाली येत होता. मला पहिल्यांदाच त्या घरात मोकळा श्वास घेता आला.

६

मामाला बरं वाटायला हवं होतं. हवा स्वच्छ होती, औषधं वेळेवर होती. तरी तो दिवसेंदिवस खंगत गेला. खोकला नव्हता. नुसता श्वास अपुरा, जणू त्याच्या वाट्याची हवा दुसरं कोणी घेत होतं.

फट बंद झाल्यावर धूळ यायला नको होती. पण दिल्लीची धूळ काचेला विचारून येत नाही. पातळसा थर बसायचाच. बाल्कनीतला गोल दिसेना झाला, तेव्हा मी म्हटलं, बघा, वाराच होता.

मग तो पॅसेजमध्ये दिसला.

भिंतीला लागून, स्वच्छ, गोल. मी झाडू आणला आणि सगळा पॅसेज झाडून काढला. पुढच्या खेपेला तो मामाच्या दाराबाहेर होता. प्युरिफायर मी तिथे ठेवला होता, म्हणून त्याचा दोष काढला. हलवला. आर्किटेक्चरच्या पाच वर्षांत हवा कशी वाहते हे शिकले होते. कागद घेऊन बाण काढले. प्रत्येक गोलासाठी वेगळं कारण लागत होतं. डोरोथीबाईंचे वडीलधारे आठवले. उंदीर. वाईट सुतारकाम.

एके दुपारी मी मामासाठी भात घेऊन गेले. त्याची खोली अरुंद आहे. पलंग आणि कपाट यांच्यात एकच माणूस जाईल एवढी जागा. मामा पलंगाच्या कडेला पाय सोडून बसला होता, खिडकीकडे तोंड करून. माझी चाहूल त्याला लागली नव्हती. मी दारातच होते.

त्याने पाय आत घेतले.

ट्रेनमध्ये समोरून कोणी जाताना आपण घेतो तसे. गुडघे वळवले, कोणाला तरी जाऊ दिलं आणि पाय पुन्हा खाली सोडले. चेहऱ्यावर काही नव्हतं. रोजचीच गोष्ट.

"मामा?"

"आलीस? ठेव."

"आत्ता काय केलंस?"

"कुठे काय?"

"पाय का घेतलेस वर?"

त्याने माझ्याकडे बघितलं. एरवी अशा वेळी तो माझी टोपी उडवायचा. "अगं, मीच विचारणार होतो," तो हळू म्हणाला. "तू सारखी ये-जा करतेस का इथून?"

"नाही."

"मग राहू दे." घास घेऊन तो बराच वेळ चावत राहिला. "फट उघडशील का गं थोडी?"

"डॉक्टर काय म्हणाली ऐकलंस ना? मरायचंय का तुला?"

मी ओरडले. पलंगापाशी, त्याच्या उशाशी, जमिनीवर धूळ नव्हती. फक्त तिथेच नव्हती.

७

डोरोथीबाईंचा कॉल आला तेव्हा इकडे संध्याकाळ होत होती आणि तिकडे त्यांची सकाळ. त्या उत्तरेच्या त्याच खोलीत उभ्या होत्या. फोन फिरवत मला भिंत दाखवत होत्या. नवा गिलावा, ओलसर, पांढरा. भिंत थेट खांबापर्यंत गेली होती.

"बघ तुझं ड्रॉइंग!" त्या म्हणाल्या. "काल पुरं झालं. आणि एक गंमत सांगू? कारागीरसुद्धा म्हणाले, घर हलकं वाटतंय. मी तीस वर्षं इथे येते, पहिल्यांदा मला मागे वळून बघावंसं वाटलं नाही."

फोन खाली झुकला. खोलीभर गिलाव्याची पांढरी भुकटी पसरली होती. दारापासून खिडकीपर्यंत. तिच्यावर डोरोथीबाईंच्या बुटांचे ठसे होते. दुसरं काही नव्हतं. मी नजर ताणून ताणून बघितलं. एकही गोल नव्हता.

"डोरोथी, त्याचं पाचवं घर कोणाचं होतं?"

"त्याचं स्वतःचं. आता नाही ते. पण जुन्या वर्णनांत आहे. त्याच्या सगळ्या कामांत ते एकच घर नीट पुरं झालेलं, म्हणतात. कुठेच फट नाही. त्यात तो राहायला गेला, आणि त्यानंतर मग..."

"काहीच नाही," मी म्हटलं.

"काहीच नाही. बिचारा. वय काही फार नव्हतं."

कॉल बंद झाल्यावर स्क्रीनच्या काळ्या काचेत माझा चेहरा दिसत होता आणि त्यामागे पॅसेज. मी स्क्रीन उपडी केली. लॅपटॉप मिटला नाही, उपडीच केली, मुलं चित्र लपवतात तशी.

हरीश सरांचा मिस्ड कॉल होता. सोमवारचं लांबत गेलेलं कन्फर्मेशनचं बोलायचं असेल. मी फोन केला नाही.

८

पुढच्या सकाळी मामाचे ओठ पुन्हा निळसर होते. हॉस्पिटलात जाऊ म्हटलं तर त्याने हात हलवून नको म्हटलं. बोलायला हवा पुरत नव्हती.

मी चाकू आणला आणि बाल्कनीची चिकटपट्टी कापायला लागले. निघेना. मीच लावलेली, दोन थरांची. नखांनी ओरबाडली. फोम ओढून काढला. काच दोन्ही हातांनी मागे ढकलली, आणि बाहेरची करपट थंड हवा तोंडावर आली.

आता वाट होती. पण तो गेला की नाही, हे कळणार कसं?

मी स्वयंपाकघरात जाऊन कणकेचा डबा काढला. आत्यांनी मला पाहिलं असतं तर! मामाच्या पलंगापासून सुरुवात केली आणि मुठीमुठीने पीठ पसरत पॅसेजमधून हॉलमध्ये आले. हॉल ओलांडला, बाल्कनी केली, फटीपर्यंत गेले. मग भिंतीच्या कडेकडेने माघारी फिरले आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर उभी राहिले. तिथून मामाचा पलंग दिसतो आणि बाल्कनीही.

"झाली का रांगोळी?" मामा खोलीतून म्हणाला. आवाज फाटका, पण त्यात तो जुना मामा होता. मला रडू आलं.

"झाली. आता गप्प पड."

मी बघत राहिले. बघत असताना काही होत नाही, हे मला ठाऊक झालं होतं. गॅसवर मामाच्या वाफेसाठी पाणी ठेवलं होतं. ते उकळून सांडलं. मी वळून गॅस बंद केला, फडकं टाकलं आणि परत वळले.

पलंगाशी गोल होता. स्वच्छ, फरशी दिसणारा. पॅसेजमध्ये दुसरा. हॉलच्या मध्यावर तिसरा. एका रांगेत, बाल्कनीच्या दिशेने. मामा एक लांब श्वास घेत होता, तळापासून, मी कित्येक दिवसांत न ऐकलेला. मग दुसरा.

जातोय. गोलाला वाट मिळाली, जातोय. मी तोंडावर हात दाबून धरला. मग डोळे मिटले. मनात हळूहळू आकडे म्हटले, त्याला जायला सवड मिळावी म्हणून. उघडले.

बाल्कनीत पीठ तसंच होतं. फटीपर्यंत अखंड, वाऱ्याने कडेला थोडं सरकलेलं. गोल बाल्कनीत गेलेच नव्हते. हॉलच्या मध्यावर रांग वळली होती. तिथून ती स्वयंपाकघराकडे आली होती, आणि शेवटचा गोल उंबरठ्याशी होता. माझ्या चपलेच्या टोकाला लागून.

मी किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. आजूबाजूला कोणी नव्हतं. फक्त सगळं किंचित कललेलं वाटत होतं, दाराची चौकट, खिडकी, समोरचा पॅसेज. माझी मान तिरकी झाली होती. मी ती सरळ केली.

"अश्लेषा," मामा हाक मारत होता. चांगला मोकळा आवाज. "अगं, बरं वाटतंय मला. चहा टाक की जरा. आणि ही पोळ्यांची तयारी कोण झाडणार?"

मी चहा टाकला. कप घेऊन पिठातून चालत त्याच्या खोलीत गेले. मागे वळून पाहिलं नाही. पिठात मागे काय उमटत होतं ते मला बघायचं नव्हतं.

मामा पलंगाच्या कडेला पाय सोडून बसला होता. ओठांचा निळा रंग गेला होता. गालांवर लाली आली होती. त्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, पिठाकडे बघितलं, काहीतरी टोमणा तयार होत होता. कप खिडकीतल्या फळीवर ठेवायचा म्हणून मी पलंग आणि कपाट यांच्यातून आत शिरले. त्याने मला जाऊ द्यायला पाय वर घेतले.

मी गेले. कप ठेवला आणि वळले.

टोमणा त्याच्या तोंडातच राहिला होता. मी पलीकडे पोचले होते, वाट मोकळी होती. तरी मामाने पाय खाली सोडले नव्हते. गुडघे जवळ घेऊन तो थोडा वेळ तसाच बसून राहिला, माझ्या मागून येणारं कोणी नीट जाईपर्यंत.